उतरवणार कुठं?

कावळा ‘विमान’ ह्या शब्दावर उतरला. त्याआधी बराच वेळ तो घाटाच्या भिंतीवर बसून दिनेशच्या अख्ख्या खानदानाची परीक्षा घेत होता. दहावा दिवस, गोदावरीचा काठ, ताजं तासलेलं डोकं, अंगावर ओला पंचा, पुढ्यात भाताचा पिंड आणि पिंडाशेजारी वडलांच्या, सावळीराम नानांच्या, आवडीच्या वस्तू: तंबाखूची पुडी आणि कपभर चहा, त्यावर एव्हाना साय धरलेली. नाशिकच्या घाटावरचे कावळे म्हणजे खाऊनपिऊन सुखी. सकाळपासून त्यांच्यासाठी पानं मांडलेली असतात, त्यामुळं ते भुकेपोटी येत नाहीत. मनात आलं तर येतात, साहेब लोक साइटवर येतात तसे. शेजारच्यांचा पिंड ठेवल्याठेवल्या शिवला होता, आणि ती मंडळी जाताजाता ह्यांच्याकडं ज्या नजरेनं बघत गेली ती नजर दिनेशच्या ओळखीची होती. दहावीच्या निकालाला नापास पोराच्या बापाकडं लोक तसं बघतात. इथं फक्त नापास झाला होता तो बाप.

“आईला अंतर देणार नाही,” दिनेश हात जोडून म्हणाला. कावळ्यानं मान वळवली. “पल्लवीचं माहेर तुटू देणार नाही.” पल्लवी म्हणजे त्याची बहीण, तिनं मागून मोठा हुंदका दिला, पण कावळ्यावर परिणाम शून्य. मग विंचूरचे पुंजाकाका, नानांचे धाकटे भाऊ, टोपी काढून पुढं झाले. “दादा, बांधाचं भांडान सोडलं म्या. तू म्हनशील तिथं बांध.” आयुष्यभराचं भांडण एका माणसानं भाताच्या गोळ्यापुढं सोडून दिलं, तरी कावळा ढिम्म. गुरुजींनी घड्याळाकडं बघितलं. “दर्भाचा करू का? माझी पुढची मंडळी थांबलीत.” कावळा आलाच नाही तर गुरुजी दर्भाच्या काड्यांचा एक कावळा वळतात, तो पिंडाला टेकवतात, की मेलेला मोकळा आणि गुरुजीही मोकळे. शास्त्राला हे चालतं. भावकीला चालत नाही. भावकी पुढची दोन पिढ्या सांगत राहते की सावळीरामला दर्भाचा शिवला.

“थांबा हो म्हाराज,” पुंजाकाका म्हणाले, आणि दिनेशच्या कानाशी आले. “दिन्या, त्या इमानाचं बोल. ते खूळ सोडलं म्हन. त्याचाच घोर व्हता त्याला.” दिनेशला हसू आलं, पण बापाच्या दहाव्याला हसणारा मुलगा म्हणूनही भावकी दोन पिढ्या सांगते, म्हणून त्यानं ते गिळलं. विमानाचं खूळ त्यानं केव्हाच सोडलं होतं. सोडलेली वस्तू पुन्हा सोडायला काय जातं? “नाना,” तो म्हणाला, “विमान सोडलं.” तेवढ्यात भिंतीवरून खाली येऊन पिंडापासून हातभर अंतरावर पोचलेला कावळा हे ऐकून चक्क उड्या मारत माघारी गेला. सगळ्यांनी बघितलं. दिनेशला राग आला. नानांच्या जिवंतपणी यायला हवा होता तो, बरोबर व्याजासकट. “मग काय करू?” तो ओरडला. “बनवू? बनवतो विमान! झालं?” आणि कावळा उतरला. पिंडाच्या मधोमध चोच मारली, शितं उडवली, तंबाखूची पुडी पायानं बाजूला सारली. बायका रडल्या. पुंजाकाका टोपीनं डोळे पुसत “बघा, बघा” म्हणत राहिले. मग श्रद्धांजलीची भाषणं सुरू झाली. वॉर्डातले एक पुढारी, ज्यांनी नानांना कधी पाहिलेलं नव्हतं, त्यांनी माइकवरून जाहीर केलं की कैलासवासी सावळीरामजींची अंतिम इच्छा असलेलं विमान त्यांचे चिरंजीव लवकरच पूर्ण करणार असून पक्षातर्फे आपण त्यांना शुभेच्छा देतो. अशा रीतीनं दिनेशनं घरच्या घरी विमान बांधायचं ठरवलं.

खरं तर ठरवलं ते दुसऱ्यांदा. पहिल्यांदा ठरवलं तेव्हा कावळा नव्हता, बाप होता. सिडकोतल्या दोन खोल्या, स्टोव्हचा वास, नाना पाटावर बसून भाकरी कुस्करत होते. दिनेश तेव्हा अंबडच्या एका कारखान्यात नुकताच लागलेला, रबराच्या वायसरी बरोबर गोल आहेत की नाहीत हे बघायची नोकरी. गोल वस्तूंकडं दिवसभर बघून माणसाचं जे होतं ते त्याचं झालं होतं. रविवारच्या जुन्या बाजारात त्याला एक परदेशी मासिक सापडलं. त्यात एकट्या माणसानं गॅरेजमध्ये बांधायच्या विमानाचे नकाशे होते, लाकूड, कापड, डिंक, इंजिन, आणि शेजारी एक टकला गोरा माणूस अशा चेहऱ्यानं उभा होता की जणू त्यानं खुर्ची बनवली आहे. त्या चेहऱ्यानं दिनेशला धरलं. महिनाभरात त्यानं खोक्यांच्या लाकडातून पंखाची एक फासळी तयार केली. हातभर लांब, आतून पोकळ, माशाच्या काट्यासारखी. ती त्यानं जेवताना नानांच्या ताटापुढं धरली आणि म्हणाला, “मी विमान बनवणारे.” आई म्हणाली, “अगं बया.” पल्लवी म्हणाली, “उडणार कसं?” नानांनी घास खाल्ला, वर पाणी घेतलं, फासळी हातात घेतली, बोटांवर तोलून बघितली, परत दिली, आणि एवढंच विचारलं, “उतरवणार कुठं?”

बस. उडण्याविषयी कोणी काही विचारलं असतं तर दिनेशकडं उत्तरं तयार होती, नकाशे होते, तो टकला गोरा होता. उतरण्याचा विचार त्यानं केलाच नव्हता. तो ताटापुढं फासळी घेऊन बसून राहिला आणि नाना हात धुवायला उठले. ती फासळी मग भिंतीवरच्या खिळ्याला लटकली. पहिल्यांदा शोभा म्हणून, नंतर तिच्यावर पंचे वाळू लागले. पुढं त्याचं लग्न झालं, सविता आली, वेदिका झाली, आणि ‘उतरवणार कुठं’ हे घरातलं ठरलेलं वाक्य झालं. दिनेशनं स्कूटर घ्यायची म्हटली की कोणीतरी म्हणायचं, उतरवणार कुठं; आणि सगळे हसायचे. नाना हसायचे की नाही हे त्याला आता आठवत नव्हतं. त्याच्या आठवणीत ते हसत होते. माणसाची आठवण त्याला हवं तसं हसवते.

त्यातून नाना म्हणजे ओझरच्या विमानांच्या कारखान्यातले. विंचूरला गावभर हेच माहीत होतं: सावळीराम विमानं बनवतो. दिनेशही शाळेत तेच सांगायचा, आणि ह्या एका वाक्यावर त्यानं चौथीपर्यंत वर्गात पहिला बाक राखला होता. मग एकदा कामगारांच्या घरच्यांना कारखाना बघायला बोलावलं. शेडमध्ये राखाडी विमान उभं होतं, पोट उघडं, आत वायरींचा गुंता, आणि त्याच्या पंखाखालून नाना आले, पांढरी टोपी, हातात चहाची किटली. ते कँटीनमध्ये होते. विमानं बनवणाऱ्यांना चहा देत होते. वर्गातली दोन पोरं तिथंच होती. नानांनी त्याला कपात ओतून दिला, विमानाच्या पोटावर टिचकी मारली आणि म्हणाले, “बघ, आतून पोकळ असतं.” ते कशाबद्दल म्हणाले हे दिनेशनं तेव्हा विचारलं नाही. त्या दिवसापासून त्यानं बापाला एक गोष्ट माफ केली नाही, आणि ती कुठली ते त्याला स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं. त्यांनी खोटं सांगितलं असतं तर बरं झालं असतं. पण खोटं गाव सांगत होतं, नाना फक्त गप्प बसत होते.

घाटावरून घरी आल्यावर सविता म्हणाली, “अहो, तो भातासाठी आला. एवढा वेळ बसून बसून त्याला भूक लागली असेल.” दिनेशलाही हेच वाटत होतं, आणि तरी तिनं ते म्हणायला नको होतं असंही वाटत होतं. पण सविता एकटी पडली. वेदिकाला ताप आला, तर आई ओट्याशी उभी राहून भिंतीला म्हणाली, “बोलल्यालं पाळावं मान्सानं.” पल्लवीच्या नवऱ्याची बदली गडचिरोलीला झाली: विमान. नळाला पाणी नाही: विमान. कारखान्यात सुपरवायझरनं विचारलं, “काय दिनेशराव, कुठवर आलं?” आणि दिनेशच्या लक्षात आलं की वायसरी मोजणाऱ्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा कोणी काही विचारतंय. आपण मेलेल्या माणसाला दिलेला शब्द मोडला तर तो येऊन विचारत नाही, जिवंत माणसं विचारतात, आणि जिवंत माणसं फार. दिवाळी झाल्यावर त्यानं रो हाउसच्या हॉलमधला सोफा गच्चीवर नेला आणि हॉलमध्ये लाकडं आणून टाकली. “दारातून निघणार का?” हा प्रश्न कॉलनीत इतक्यांनी विचारला की शेवटी त्यानं दाराला पाटी लावायचं मनात आणलं: पंख सुटे होतात. ते उडेल का, हे एकानंही विचारलं नाही. आणि उतरवणार कुठं, हे विचारणारा तर गेलाच होता.

बांधणं त्याला येत होतं, हीच अडचण होती. येत नसतं तर चार महिन्यांत हात टेकून त्यानं घाटावर जाऊन माफी मागितली असती. पण फासळ्या एकीला एक जुळत गेल्या. डिंकाचा वास हॉलभर, मग घरभर, मग जेवणात. सविता भाजी वाढताना म्हणायची, “आजची विमानाची आहे,” आणि तो खायचा. रात्रपाळी नसली की तो संध्याकाळी फासळ्यांमध्ये बसायचा आणि त्याला माशाच्या सांगाड्यात बसल्यासारखं वाटायचं. माणूस गिळला गेला आहे आणि आतून मासा दुरुस्त करतो आहे. त्याला आनंद होत नव्हता. हे त्यानं पुन्हापुन्हा तपासून बघितलं. ज्या वस्तूसाठी तो विशीत रात्ररात्र जागला होता ती वस्तू हॉलमध्ये वाढत होती आणि त्याला वाटत होतं ते एवढंच, की नाना, तुम्ही हे का करायला लावलंत? जिवंत होतात तेव्हा एक वाक्य टाकून मोडलंत, मेल्यावर एक कावळा टाकून जोडायला लावलंत. सूड म्हणावा तर इतका निगुतीचा सूड नानांना जमला नसता. माया म्हणावी तर तीही. मग एखादी पट्टी चुकून तिरकी बसायची आणि तो तेवढ्यापुरता सुटायचा.

आई मात्र फुलली. कॉलनीतल्या बायका देवाला आल्यासारख्या विमानाला येत, आई त्यांना खुर्ची देई आणि म्हणे, “ह्यांचं चालू हे.” गुढीपाडव्याला त्यावर झेंडूची माळ चढली. पंखाला कापड लागतं म्हटल्यावर आईनं ट्रंकेतून नानांची धोतरं काढली, नऊवारीची निरी धरावी तशा मायेनं फासळ्यांवर ताणली, आणि त्यावर लेप बसल्यावर बोटानं टकटक वाजवून म्हणाली, “आता ताठ झाले. आयुष्यभर व्हते वाकून.” उन्हाळ्यात पंख वाळवायला गच्चीवर नेला, संध्याकाळी दिनेश कामावरून येऊन बघतो तर पंखावर ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत कुरडया. “एवढी सपाट जागा कुठं मिळती रे,” आई म्हणाली. “आन् कापड सोच्छ हे, त्यांचंच हे.” त्यानं एक ओली कुरडई उचलून खाल्ली. चवीला डिंक लागला.

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी पुंजाकाका विंचूरहून आले. येताना कांद्याची गोणी आणि विमानाला बांधायला लिंबू-मिरची घेऊन आले. चहाची बशी फुंकत त्यांनी हॉलभर नजर फिरवली, फासळ्यांना हात लावला, इंजिनासाठी सोडलेल्या रिकाम्या तोंडात डोकावून बघितलं, आणि खिल्लारी जोडी बघायला आलेल्या माणसाच्या सुरात म्हणाले, “पळायला कितीक लागतं ह्याला? उडायच्या आधी आन् उतारल्यावर?”

“लहान आहे, काका. फार नाही लागत. सपाट, सरळ पट्टा हवा.”

“म्हंजी आपल्या हिरीपासून वढ्यापर्यंत?”

“हो, तेवढा पुरे झाला असता.”

पुंजाकाका हसले. “त्योच तर म्हनायचा. लागंल. लागंल म्हनायचा.”

“कोण?”

“तुझा बाप, दुसरं कोन? खालच्या पट्ट्यात येऊन दगडं येचायचा ना. सुट्टी आली का विंचूर, आन् विंचूर आलं का दगडं. म्या म्हनायचो, दादा, कांदा लाव, द्राक्षं लाव, नायतर निदान माझ्या नावावर तरी कर. नाय. बैलाच्या मागं फळी लावून निसता सपाट करायचा, पेरायचं काय नाय. त्यावरून तर आमचं वाजलं. बांध सरकवला म्हनून म्या शिव्या दिल्या, आन् ह्यो म्हनतो कसा, बांध नीट लाइनीत पायजे. आन् ती काठी ध्यानात हे का तुला? मधोमध काठी रोवून बनियन बांधलेलं?”

दिनेशच्या ध्यानात होती. तो लग्नानंतर सविताला गाव दाखवायला घेऊन गेला होता तेव्हा त्या काठीवर नानांचं बनियन फुगून एका बाजूला उडत होतं. पीक नसलेल्या रानात बुजगावणं. दोघं पोट धरून हसले होते, आणि सविता म्हणाली होती, तुमच्याकडं कावळ्यांनी गवत खाऊ नये म्हणून ठेवतात का? नाना त्याच्या शेजारी उभे होते, कमरेवर हात, बनियनकडं बघत. “पश्चिमेचं येतं,” ते म्हणाले होते. “दुपारनंतर पश्चिमेचंच येतं.” कँटीनच्या खिडकीतून त्यांना आयुष्यभर धावपट्टीच्या कडेचा, वाऱ्याची दिशा दाखवणारा तो फुगरा पट्टेरी बोंगा दिसत असणार, हे दिनेशला आता, पुंजाकाकांची बशी वाजली तेव्हा कळलं.

“मग शेवटाला इकला तुमी,” काका म्हणाले. “बंगल्यासाठी. आता तिथं वाइनची द्राक्षं. तारा बांधल्यात समद्या पट्ट्यावर, कोंबडी नाय उतरायची.”

तुमी नव्हे, विकायला लावला तो दिनेशनं. रो हाउसची जाहिरात बघून तो नानांसमोर बसला होता, तसाच ताटापुढं, तशाच भाकरीवर. नाना म्हणाले होते, वरचा तुकडा विकू. दिनेश म्हणाला होता, वरचा पिकतो, खालचा विका, नुसता लांबट पडलाय. नानांनी उरलेली भाकरी कुस्करली. मग म्हणाले, “तुला नाही ना लागायचा?” “मला कशाला लागतोय?” दिनेश म्हणाला होता, आणि वर, घरातलं ठरलेलं वाक्य म्हणून, हसत, “विमान थोडंच उतरवायचंय?” तेव्हा नाना हसले होते. हे हसणं खरं होतं, ह्याची त्याला खात्री होती; कारण त्या वेळी त्यांनी हसायला नको होतं. म्हणजे ‘उतरवणार कुठं’ हा टोमणा नव्हता. तो प्रश्न होता. साधा, किटली धरणाऱ्या माणसाचा, कप कुठं ठेवू असा प्रश्न. आणि उत्तर आलं नाही तेव्हा तो माणूस मुकाट्यानं जाऊन दगड वेचू लागला. आणि मुलानं ती धावपट्टी विकून तिच्या पैशात हॉल घेतला, आणि आता त्या हॉलमध्ये विमान बांधतो आहे. हे सगळं इतकं बरोबर जुळत होतं की त्याला नकाशा आठवला. हसू यायला हवं होतं. “काका, अजून चहा?” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पानं वाढली. वर्षश्राद्धाला कावळा शिवलाच पाहिजे असं काही शास्त्रात नाही, पण आईचं शास्त्र वेगळं होतं. पान घेऊन सगळे गच्चीवर गेले: आई, सविता, पुंजाकाका, दिनेश. सोफा होता, पंख होता. आईनं कठड्यावर पान ठेवलं आणि हाक घातली, काव, काव. एक कावळा आला. पानाकडं ढुंकूनही न बघता तो पंखाच्या एका टोकावर उतरला आणि चालू लागला. दोन पावलं, थांबणं, वाकणं, चोचीनं काहीतरी टिपणं, बाजूला टाकणं. पुन्हा दोन पावलं. कुरडईचे वाळके तुकडे असतील. पंखाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत तो असा वेचत गेला, मान तिरकी करून मागं एकदा बघितलं, आणि पश्चिमेकडं तोंड करून उडून गेला. पान तसंच.

“बोल की रं,” आई म्हणाली. “झालंच म्हनावं त्यांना. कापड बी बसलं.”

“दिन्या, बोल. मागल्या येळी बोलला तव्हा आला व्हता.”

दिनेशनं हात जोडले. विमान म्हणायला तोंड उघडलं, तो शब्द जिभेवर होता, आणि त्याला दिसलं की आपल्याकडं आता ह्या माणसाला द्यायला शब्दाखेरीज काही नाही. जे होतं ते, तो खालचा पट्टा, नानांनीच दिलेलं होतं, आणि ते आपण विकलं. पानातला भात सुकत चालला. सविता हळूच म्हणाली, “अहो, खाली दर्भ उरलाय सकाळचा,” आणि पहिल्यांदाच तिच्या आवाजात थट्टा नव्हती.

तो दर्भ घेऊन आला. गुरुजींना वळताना त्यानं बघितलं होतं, पण त्याला बघायची गरजही नव्हती. एक काडी दुमडून अंग केलं, पुढं गाठ मारून चोच, दोन काड्या आडव्या ओवून पंख, मागं थोडं शेपूट, तोल यायला. बोटांवर धरून बघितला. तोल बरोबर होता. आईनं तोंड फिरवलं. “सावळीरामला दर्भाचा,” पुंजाकाका पुटपुटले आणि त्यांनी टोपी काढली. दिनेशनं तो कावळा कठड्याच्या वर धरला, गच्चीवरून एक लांब गिरकी घेतली, सोफ्यावरून, धोतराच्या पंखावरून. वारं पश्चिमेचं होतं, म्हणून वळून त्याचं तोंड वाऱ्याकडं केलं, आणि हळूहळू खाली आणत आणत पानातल्या भातावर टेकवला. घरच्या घरी बनवलेली, पूर्ण झालेली, त्याची ती पहिली उडती वस्तू. तिला इंजिन लागलं नाही, परवानगी लागली नाही. आणि उतरली ती बरोबर तिथं, जिथं उतरवायची होती.